आजच्या मापाची सायकल

ताईने आयुष्यात कुणाचंही माप आहे तेवढं धरलं नाही. शाळेचे गणवेश शिवते. पोराची मनगटं आणि पावलं बघून "हा वर्षात चार बोटं वाढणार" म्हणते, आणि होतंही तसंच, पैज लावा. आई गेली तेव्हा ती अठराची, मी आठचा. तेव्हापासून मशीनवर आहे. माझे सगळे कपडे तिनेच शिवले, वाढत्या अंगाचे.

त्यामुळे माझ्या लेकीसाठी सायकल घ्यायची म्हटल्यावर तीच पुढे. लेक चौदाची. सुट्टीत सायकल क्लबबरोबर पाच दिवसांच्या सफरीला जायचं होतं, आणि सायकल धड नसेल तर नेणार नाही, असं क्लबच्या बाईंनी बजावलं होतं. पोरगी आठवडाभर नीट जेवली नव्हती.

जुन्या सायकलींच्या दुकानात दोन पोलादी सायकली होत्या, दोन्ही सामान लादून लांबच्या प्रवासाला न्यायच्या. ताईने मोठीवर हात ठेवला. "ही. दोन वर्षांत बरोबर बसेल."

"आणि तोवर?" मिस्त्री म्हणाला. "तिचे पाय टेकत नाहीत. उतारावर थांबायची वेळ आली तर तोंडावर आपटेल. कपडे सैल चालतात बाई, सायकल नाही. धाकटी घ्या, सीट वर करत दोनेक वर्षं जातील."

"आणि मग पुन्हा दुसरी? शहाणेच आहात!"

मला ताईच्या हट्टाचा राग आला, पण तिच्यापुढे माझी नेहमीच दातखीळ बसते. लेकीची नाही बसत.

"आत्या, तू दिलेलं सगळं मला बसायला लागतं तेव्हा विटलेलं असतं. एक तरी गोष्ट आज बसणारी घे ना गं."

ताईचा चेहरा उतरला. तिने पर्समधून टेप काढली, लेकीला भिंतीशी उभं करून पायाचं माप घेतलं आणि आकडा सांगितला.

"किती वाढवून धरू?" मिस्त्रीने विचारलं.

"आहे तेवढंच धरा."

लेक धाकटी सायकल घेऊन गल्लीत दोन चकरा मारून आली, पुन्हा गेली. ताई दुकानाच्या पायरीवर बसली होती.

"काय रे, तुलाही असंच वाटायचं?"

वाटायचं. वर्गात मला 'तंबू' म्हणायचे. पण हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?

"छे गं. माझ्या लक्षातही यायचं नाही."

"मग कोपऱ्यावर गेल्यावर बाह्या कशाला दुमडायचास? मी खिडकीतून बघायचे रोज."