मेहुण्यांच्या जीपचे लाल बुश

आमच्या मेहुण्यांइतकं आयुष्य गाडीखाली आडवं पडून काढलेला दुसरा माणूस अख्ख्या अक्कलकुवा तालुक्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याच जीपखाली पान्हा धरून पडलेला असेल. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. खापरला बाजाराच्या तोंडाशी त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. पण कपाशीचं बियाणं मागायला जावं तर गल्ल्यावर माणूस नसतो; शेजारी जीप उभी असते आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. जुनी गिऱ्हाइकं त्या पायांशीच बोलतात. कुठला वाण, कुठल्या फळीवर, सगळं खालूनच कळतं. एकदा शेतकी खात्याचे नवे साहेब तपासणीला आले आणि बिचाऱ्यांनी पाच मिनिटं पायांनाच आपली ओळख सांगितली. मेहुणे बाहेर आले ते साहेबांची नाही, साहेबांच्या गाडीची चौकशी करत. येताना पुढच्या डाव्या चाकात खट्ट वाजत होतं, म्हणाले. साहेब चिडले; पण महिन्याभरानं तेच चाक दाखवायला मुद्दाम खापरला आले.

आमच्या लग्नात तर कहर. कानपिळीची वेळ झाली, नवरीचा भाऊ कुठाय म्हणून मांडवभर शोधाशोध, आणि हे आमच्या वऱ्हाडाच्या गाडीखाली. तसेच ओढून आणले. त्यांनी माझा कान पिळला तोही अगदी नट आवळल्यासारखा. त्यापुढच्या सगळ्या फोटोंत माझा एक कान काळा आहे. बायको अजून अल्बम उघडला की त्या कानावर बोट ठेवून हसते आणि वर मलाच सांगते, माझ्या भावानं मनापासून पिळला होता.

तर गेल्या वर्षी मेहुण्यांना बुश भेटले. बुश म्हणजे गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांना, चाकांच्या दांड्यांना जिथे सांधे येतात तिथे बसवलेली रबराची जाड कडी. आमच्याकडचे खड्डे खाऊन रबर झिजतं, फाटतं, आणि गाडी खडखडायला लागते. त्यांनी कुठूनशी माहिती काढून सुरतेहून पॉलीयुरेथेनचे बुश मागवले. लालभडक, टणक. हे रबरापेक्षा कितीतरी टिकतात, सांधा ढिला पडत नाही, स्टिअरिंग बोटावर चालतं. महिनाभर ते येईल त्याच्या हातात एक जुना फाटका बुश आणि एक नवा लाल बुश देऊन दोन्ही दाबून बघायला लावत. माझ्या हातात तर मी जेवायला बसलो असतानाच ठेवले. मग मला मागे बसवून त्यांनी गाडी फिरवून आणली. खडखड गेली होती, गाडी सरळ सुतात धावत होती, हे कबूल. पण प्रत्येक खड्डा थेट माझ्या माकडहाडाशी येऊन बोलत होता. कशी वाटली, विचारलं तेव्हा मी "झकास" म्हणालो. कान पिळलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

मग बायकोच्या पाठीचं दुखणं वाढत गेलं आणि सुरतेला मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, दहा दिवसांनी घरी न्या, पण झोपवून न्या आणि धक्का बसता कामा नये, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात जाईल. खापरपासून तुमच्या तळोद्यापर्यंत रस्ता कसा आहे, असं त्यांनी विचारलं आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो. रुग्णवाहिका मिळत होती. पण जाताना त्या बंद डब्यात बायकोचा जीव इतका घाबरला होता की ती पुन्हा तिचं नाव काढू देईना. भाऊच्या जीपनं येईन, नाहीतर इथेच राहीन, असं तिनं जाहीर केलं. भाऊ तर मिशीवर हात फिरवून तयारच होते. लाल बुश घातल्यापासून गाडीनं हूं की चूं केलं नाही, म्हणाले. मला रात्रंदिवस एकच दिसत होतं, तो ताजा टाका आणि ते टणक बुश.

सांगायची छाती होईना. शेवटी खापरला जाऊन मी एवढंच म्हणालो, की भाऊ, एकदा तुम्ही मागे आडवे पडून बघा, गाडी मी चालवतो. ते चमकले. गाडी घेतल्यापासून ते स्वतःच्या गाडीत मागे कधी बसलेच नव्हते, आडवं पडणं तर लांबच. सकाळी नऊला मागे गादी टाकली, ते उताणे झोपले, आणि मी अक्कलकुव्यापर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर मेहुणे बराच वेळ उठले नाहीत. मला वाटलं, आता माझा दुसरा कान जाणार. मग उठून बसले आणि हळूच म्हणाले, "गाडीले चांगलं शे, पाव्हना. बहिणले नही."

त्याच दिवशी त्यांनी महिनाभर मिरवलेले ते बुश एकेक करून काढले आणि साधे, मऊ, नवे रबराचे बसवायला घेतले. त्यातही त्यांची पद्धत. रबराचा बुश गाडी वर उचललेली असताना आवळला तर तो पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. गाडी जमिनीवर, भार घेऊन उभी असताना आवळायचा. भार कुठला? तर जाताना असेल तोच. मेहुण्यांनी दुकानाच्या वजनकाट्यावर अर्धी गल्ली चढवली. बायकोच्या वजनाच्या शेजारच्या काकू निघाल्या. त्यांना मागे गादीवर झोपवलं. माझ्या जागी मी. त्यांच्या स्वतःच्या वजनाचा एक किराणावाला मिळाला, तो स्टिअरिंगपाशी. "चहा पेवा, पन हालू नका," असं बजावून मेहुणे खाली शिरले. काकू आडव्या पडून बशीनं चहा पीत होत्या, किराणावाला दुकानातल्या गिऱ्हाइकांना जीपमधूनच भाव सांगत होता, आणि खालून पान्ह्याचा आवाज येत होता. दोन तास आम्ही हललो नाही. काकूंना तर डुलकी लागली. मेहुण्यांनी बाहेर येऊन ते पाहिलं आणि पहिल्यांदा हसले.

सुरतेहून निघालो. मेहुणे इतक्या हळू चालवत होते की देडियापाड्याच्या अलीकडे एक बैलगाडी आमच्या पुढे गेली. त्यांनी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. मी मागे बायकोचा हात धरून प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत होतो. सागबारा गेलं, खापर गेलं, तरी ती कण्हली नाही, म्हणून वाकून बघितलं तर ती झोपली होती. तोंड किंचित उघडं, कपाळावर एक आठी नाही. सहा महिन्यांत ती सलग तासभर झोपलेली मी पाहिली नव्हती. माझ्या छातीवरचा धोंडा तिथेच कुठेतरी रस्त्यावर पडला.

तळोद्याला घरासमोर जीप थांबली. शेजारच्या बाया भाकरतुकडा घेऊन ओवाळायला पुढे आल्या. मी तिला उठवायला हात लावणार, तेवढ्यात मेहुण्यांनी माझं मनगट धरलं. "झोपू दे तिले. घर काय पळी जाई ऱ्हायनं का?"

बाया तशाच ओट्यावर बसल्या. आम्ही दोघं भर दुपारी जीपमध्ये बसून राहिलो, ती जागी होईपर्यंत. मेहुण्यांनी एकदा डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. काचा तर वर होत्या.

आता बायको चालते, फिरते, मला ओरडते, देवाची कृपा. पण कधी अंथरुणावर कूस बदलत पडली की म्हणते, "त्या दिन भाऊनी गाडीमा लागनी व्हती, तशी झोप परत काही लागनी नही."