भुईची ओटी

माझ्या पायाला पहिल्यापासून भिंगरी, आणि नोकरी मिळाली ती बसून राहण्याची. निजामाच्या तामीरात खात्यात, म्हणजे बांधकामाच्या, मी जमीन तपासायचो. खड्डा खणायचा, तळ कोरडा आणि सपाट करायचा, त्यावर जाड लाकडी खांब उभा करायचा, वरच्या फळीवर दगड रचायचे आणि खांब किती खचतो ते बघत बसायचं. खांबावर एक खूण असे. दिवसभर ती खूण आणि मी. सारखा उठायचो, तंबाखू मळायचो, उगाच मजुरांवर ओरडायचो.

त्या खेपेला तर जिवाची नुसती घालमेल होती. युसूफ वडगावच्या अलीकडच्या एका गावात सरकारी दवाखाना व्हायचा होता, आणि ते माझ्या अक्काचं सासर. जमीन कच्ची निघाली तर दवाखाना वडवणीकडे जाणार, हे मोठ्या साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. अक्काचं पहिलं पोर तापानं गेलं होतं, अंबाजोगाईला दवाखान्यात नेताना, बैलगाडीतच. धाकटं आता रांगत होतं. त्याला जरा कणकण आली की अक्का दारातल्या गाडीकडे बघायची आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचो.

काळी माती काढून मी खड्डा मुरमापर्यंत नेला. तळ हातानं झाडून घेतला आणि सकाळी साहेबांना आणायला युसूफ वडगावला गेलो.

परत आलो तर खड्ड्याभोवती बायकांचा घोळका. सरकार भुई बघणार म्हणून गावानं भुईची ओटी भरली होती. नारळ, तांदूळ, हळदकुंकू, आणि भुई थंड व्हावी म्हणून घरटी एक घागर पाणी. तळाला घोट्याच्या वर चिखल. सगळ्यांच्या पुढं अक्का, रिकामी घागर कमरेवर घेऊन तोंडभर हसत उभी.

साहेब घोड्यावरून न उतरताच म्हणाले, “ये जमीन है के दलदल?”

माझं डोकं फिरलं. “कुणी सांगितलं होतं पाणी ओतायला?” सगळ्या गावादेखत मी अक्कावर ओरडलो.

तिचं हसू गेलं. “कोरडी भुई कशी पावंल? दवाखाना मागायचा अन् भुईला घोटभर पाणी द्यायचं न्हाई?”

साहेबांचे पाय धरायचेच मी बाकी ठेवले. शेवटी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजापर्यंत थांबायला ते कबूल झाले. मी धोतर खोचून स्वतःच खड्ड्यात उतरलो. मी चिखल भरायचा, मजुरांनी घमेली वर ओढायची. नारळ हाताला लागला, तो वर दिला. मग काहीतरी मऊ लागलं. लहान मुलाची कुंची होती. मी लगेच ओळखली, कारण पहिल्या पोराच्या बारशाला मामा म्हणून मीच ती आणली होती. पण थांबायला वेळ नव्हता. ती कमरेला खोचली आणि कोरडा मुरूम लागून पहार खणखणेपर्यंत खाली जात राहिलो.

खांब उभा केला, दगड चढवले. खूण बघितली. उठलो. परत बघितली. साहेबांनी झाडाखाली नमाज पढला, तो मला जन्मभर लांबल्यासारखा वाटला. मग ते आले, वाकून खुणेवर बोट टेकवलं आणि म्हणाले, “लिख दो, जमीन पक्की है.”

अक्का बाभळीखाली तोंड फिरवून बसली होती. मी कुंची पुढं केली. “अक्का, ही खड्ड्यात कशाला टाकलीस?”

“त्याला लई लांब न्यावं लागलं रे,” ती म्हणाली. “आता हितंच ऱ्हाऊ दी.”

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. कुंची पिळली, उन्हात वाळवली आणि पुन्हा खड्ड्यात उतरून कोरड्या मुरमावर एका कोपऱ्यात ठेवली.

पुढं पाया भरायला गवंडी आले. गाडीभर दगड एकदम खाली लोटायची त्यांची रीत. तेवढा कोपरा हातानं भरा, असं मी त्यांना सांगितलं. आणि तो भरून होईपर्यंत मी जागचा हललो नाही.