पाठीमागून येणारा कापराचा वास

मी शाळा फार शिकलो नाही, म्हणून घडलं तेवढंच लिहितो. बायको वारली आणि देवावरून माझं मन उडालं. देवळा गावाजवळ आमचा मळा. ती रोज देवीपुढं कापूर लावायची, एक वडी पदराच्या गाठीला ठेवायची. तिच्या अंगालाच कापराचा वास, असं सगळे म्हणायचे. ती गेल्यावर नामपूरला दिलेली पोरगी येऊन राहिली. आईचं लुगडं नाकाशी धरून म्हणायची, "आप्पा, आई हाय बघा यात." मीही नाक खुपसायचो. नुसतं कापड. जन्मभर बिडी ओढून नाक मेलं होतं. जिच्यासंगं संसार केला तिचा वाससुद्धा मला मिळेना.

बायकोनं सप्तशृंगीला ओटी बोलली होती. ती भरायला पोरगी मला गडावर घेऊन गेली. तेव्हा वर जायला नुसत्या पायऱ्याच होत्या. धाप लागून मी मधेच बसलो. पोरगी चार पायऱ्या खाली, चपलेचा अंगठा तुटला म्हणून थांबलेली. मी बिडी काढली. तेवढ्यात वरून एक म्हातारी आली. पदर पुढं ओढलेला, तोंड दिसेना.

"दे ते बंडल."

"तुला ओढायचीय का?"

"नाय. तुला पुरे झाली."

का कोण जाणे, दिलं. पदरात बांधून ती खाली गेली. पाय वाजले नाहीत. लगेच पोरगी वर आली आणि जागीच थबकली.

"आप्पा, कापराचा वास येतोय. आईसारखा."

"म्हातारी गेली ना आत्ता तुझ्या अंगावरून."

"मला कोण नाय भेटलं."

खाली जायला दुसरी वाट नव्हती. भर उन्हात मला हुडहुडी भरली. भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं. बायकोच येऊन गेली असेल, तर पोरीनं ओळखली. मी नाही.

त्या दिवसापासून बिडी बंद. लय जड गेलं. झोप उडाली, पोरीवर खेकसलो. शेजारी म्हणाला, "म्हाताऱ्या, आता काय शंभरी गाठायचीय?" पण हळूहळू खोकला बसला, चढावर छाती भरायची ती थांबली. पोरगी सासरी परतली. मग एका दुपारी मळ्यात कांदा साठवायच्या चाळीत सडक्या कांद्याची घाण आली आणि मी उभ्या उभ्या रडलो. नाक परत आलं होतं! धावत जाऊन पेटी उघडली. लुगडं नव्हतं, पोरगी घेऊन गेलेली. तोंड पाडून परत चाळीत आलो, सडके कांदे वेचायला वाकलो, आणि मागून कापराचा वास आला. ती गेल्यापासून घरात कापूर आणलाच नव्हता. अगदी पाठीशी कुणी उभं राहावं इतका जवळून. मी वळलो नाही. हात जोडले, तसाच बसून राहिलो.

अजून येतो कधीमधी. कोण येतं ते मी विचारत नाही. माझ्याकडं एक बंडल मागितलं, ते दिलं. बाकी सगळं देवीनं केलं. तिच्यापुढं कापूर आता मीच लावतो. त्याचा वास समोरून येतो. हा पाठीमागून.