पायांचा रस्सा

"उचल गं. तुम्हा लोकांना सवय असते."

बाईसाहेब हे हसून बोलल्या. खाटकाच्या दुकानापुढे, भरल्या रांगेदेखत. टोपलीत अख्ख्या बकऱ्याचे तुकडे, खालून रक्त पाझरतंय. रांगेतल्या बंगाली बाबूंना मराठी कुठलं कळायला! एक म्हातारे बाबू कौतुकाने म्हणाले, "देशेर लोक?" म्हणजे गाववाल्या भेटल्या वाटतं. त्यांना वाटलं, परमुलखात दोन मराठी बायका सुखदुःखाचं बोलतायत.

कलकत्त्यात मी सुखाने होते ती एवढ्याचसाठी, की तिथे माझी जात कुणाला ठाऊक नव्हती. नळावर भांडण व्हायचं ते पाण्यासाठी, विटाळासाठी नाही. ठाऊक होती ती बाईसाहेबांना. माझे मालक त्यांच्या साहेबांच्या हापिसात शिपाई. आडनाव ऐकलं की आपल्या माणसाला सगळं कळतं.

ते दिवस बंदचे, बॉम्बचे. बालीगंजला आमच्या बाजूचा एक खाटीक गावी गेला तो परतलाच नाही, दुसऱ्याने फळी लावली ती लावलीच. उरला म्हातारा चाचा, तोही रविवारी एकच बकरा कापायचा. माझी पोर विषमज्वरातून उठलेली. कडेवर घेतली तर चिंध्यांचं गाठोडं. डॉक्टर म्हणाले, पायांचा रस्सा द्या, अंगात काहीतरी जाऊ दे. मागच्या रविवारी माझी पाळी येईतो सगळं संपलं होतं. म्हणून आज मी सगळ्यांच्या आधी येऊन उभी होते.

बाईसाहेब मोटारीतून आल्या, रांगेला वळसा घालून पुढे गेल्या आणि सगळा बकरा घेतला. साहेबांकडे दुपारी बडे पाहुणे जेवायला होते. मी म्हटलं, पाय तेवढे मला द्या, पोर आजारी आहे, पैसे देते. त्यावर हे उत्तर. टोपली मोटारीत नेऊन ठेव, दुपारनंतर मागच्या दाराला ये, उरलंसुरलं देईन म्हणाल्या. टोपलीला हात लावणं त्यांच्या सोवळ्यात बसत नव्हतं. पंगतीला वाढणं बसत होतं.

चाचाकडे पाहिलं. तो सुरी पुसत पुटपुटला, "बेटी, पूरा बिक गया." साहेबलोकांशी वाकडं घेऊन तो तरी कुठे जाणार?

माझा हात टोपलीच्या कडेला लागलासुद्धा. माझी आजी गावात मेलेल्या ढोराचं मांस पाटीत घालून डोक्यावर आणायची. ती पाटी डोळ्यांपुढे आली आणि हात मागे आला.

मग मी हिंदीत बोलले. मोडकंतोडकं, पण मोठ्याने, सगळ्यांना कळावं म्हणून. "पकाएंगे ये, खाएंगे ये, और उठाएगी मेरी जात? मैं नहीं उठाऊंगी."

ते बाबू जमिनीकडे पाहायला लागले. बाईसाहेबांचं हसू गेलं. टोपली ड्रायव्हरने उचलली. पायही गेले.

घरी पोरीला पेज दिली. तिने तोंड फिरवलं.

ऊन कलल्यावर मालक आले. पंगतीची उष्टी पानं उचलायला त्यांना बोलावलं होतं. हातात डबा. त्यात पाहुण्यांच्या पानातली हाडकं अन् रस्सा. वर न बघता म्हणाले, "दे तिला. कोण बघतंय?"

वासाने पोर उठून बसली. आजारात पहिल्यांदाच, आपण होऊन. "आई, दे ना."

यापेक्षा वाईट वेळ माझ्यावर कधी आली नाही. मालक गेले तेव्हाही नाही. इकडे पोरीचा पसरलेला हात, तिकडे तो डबा, अजून कोमट.

मी झाकण उघडलं नाही. डबा घेऊन निघाले ती थेट साहेबांच्या पुढच्या दाराने आत. पाहुणे पान खात बसले होते. डबा त्यांच्यामध्ये टेबलावर ठेवला. म्हटलं, "आमच्या घरात उष्टं खात नाहीत." आणि परतले. पोर मात्र रडून रडून झोपली.

मालकांची बदली बराकपूरच्या गोदामावर झाली. पोरीने उभं राहायला फार दिवस घेतले, आणि एक पाय अधू राहिला तो राहिलाच. त्या पायाकडे बघून मालक जन्मभर म्हणायचे, एक दिवस वाकली असतीस तर!

नाही. एक दिवस वाकले असते तर मागच्या दाराची वाट तिच्या पायांना लागली असती. आज तसाच डबा आला तरी मी तो तसाच परत नेईन. पोर लंगडत चालेल, पण कुणाचं उष्टं खायला जाणार नाही.