तेराचा पाढा आणि आत्याचा फोटो

आमच्या घरात पाढे शाळेपेक्षा कॅमेऱ्यासमोर जास्त पाठ झाले. आजोबा, बाबा, आत्या आणि मी, चौघांनाही फोटोचं वेड होतं, आणि वेडाची किंमत बाकीचं घर ताटकळत उभं राहून चुकवत असे.

मिठागरांवरचा एक गोरा साहेब बदली होऊन निघाला, तेव्हा आजोबांनी त्याच्याकडून तो कॅमेरा घेतला. शिसवी पेटी, पितळी भिंग, तीन पाय आणि वर काळं फडकं. कळ वगैरे काही नव्हती. भिंगावरचं टोपण काढायचं, आतल्या काचेवर पुरेसा उजेड पडला की परत लावायचं. पुरेसा म्हणजे किती, हे साहेबाने सांगितलं होतं, पण इंग्रजीत. आजोबांनी मग स्वतःची पद्धत काढली. वाडीत लख्ख ऊन असेल तर बेचा पाढा, ओटीवर तेराचा, आभाळ भरून आलं असेल तर एकोणतिसाचा. आकडे जेवढे लांबलचक, तेवढा म्हणायला वेळ जास्त. खिशात चालतं घड्याळ होतं, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. "घड्याळ मेलं कधी बंद पडेल सांगता येत नाही," ते म्हणत. "पाढा कधी बंद पडतो का?"

पडतो. माझ्या बाबांचा पडायचा.

त्याआधी ओठांचं सांगते. समोर कोणी मोठ्याने पाढा म्हणू लागला की आपलेही ओठ आपोआप हलतात. आमचेही हलत. त्यामुळे आमच्या घरातल्या एकूण एक फोटोत डोळे, कान, कुडी, नथ सगळं रेखीव आणि तोंडाच्या जागी नुसता धुरकट ठिपका. माझ्या पणजीचा फोटो आहे. त्यात ती बेचा पाढा पुटपुटते आहे हे आम्हाला माहीत असतं, पाहुण्यांना ती चिडलेली वाटते.

तर बाबा. कॅमेऱ्यावर त्यांचा आजोबांपेक्षाही जास्त जीव. रोज सकाळी देवपूजा उरकायच्या आत भिंग पुसून व्हायचं. पण तेराच्या पाढ्यात तेरा सत्तेला त्यांची गाडी हटकून अडायची. आजोबांचे एक जुने मित्र होते, बंदरावरचे मुसलमान व्यापारी. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. फोटोच्या काचा मुंबईहून आणायच्या त्या त्यांच्याच मचव्यातून, भाताच्या तुसात घालून. त्यांचा फोटो काढायला बाबा उभे राहिले. तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत झकास गेले आणि मग, "तेरा सत्ते... तेरा सत्ते..." टोपण हातात, भिंग उघडं. चाचा बराच वेळ दम धरून बसले, मग ओरडले, "अरे बाबा, एक्याण्णव! एक्याण्णव! मानूस बसल्या जागी मरंल ना!" फोटोत चाचा भुतासारखे पांढरेफटक आले. तोंडाचा आ तेवढा स्पष्ट. त्यांनी तो हौसेने दुकानात टांगला.

आत्या बाबांची धाकटी बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिला तिसापर्यंत पाढे तर येतच, पावकी, निमकी, दिडकीही घडाघड येत. सामानाच्या अंधाऱ्या खोलीत लाल काचेचा कंदील लावून काचा तीच धुवायची, फोटो तीच छापायची. आजोबांचे हात थरथरू लागले, पाढ्याला दम पुरेना, तेव्हा ती त्यांना पाढाही सांगू लागली. पण कॅमेरा पुढे कोणाकडे जाणार हे ठरलेलं होतं. "कॅमेरा माहेरचा," आजोबा म्हणत. "मुलगी सासरची."

आत्याचं एकच मागणं होतं. "आप्पा," ती आजोबांना म्हणाली, "स्थळ तुम्ही आणाल ते. पण कॅमेरा माझ्याबरोबर द्या." आजोबा हसले. आत्या त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. मला तर आजोबांचा इतका राग आला की मी त्यांचा तपकिरीचा डबा लपवला.

अशात श्रीवर्धनचं स्थळ सांगून आलं. सुपारीची वाडी, मुलगा मास्तर. त्यांनी मुलीचा फोटो मागवला. आता घरात तीन तीन फोटोवाले, पण फोटो काढून घ्यायची पाळी आत्यावर. बाबांनी पहिला काढला. तेरा सत्ते आलं. आत्या न राहवून "एक्याण्णव" म्हणाली आणि फोटोत तिला दोन तोंडं आली. दुसरा आजोबांनी काढला, त्यात त्यांच्या थरथरत्या हाताने मुलगी सोडून तुळशीवृंदावनच मधोमध आलं. शेवटी आत्याने पदर खोचला, कॅमेरा स्वतः लावला, उजेड बघितला, पदर सोडला आणि खुर्चीत जाऊन बसली. टोपण काढायचं काम माझ्याकडे. मी चौथीत होते, तेराचा पाढा ताजा होता. एका दमात म्हटला. आत्याने ओठ दातांखाली दाबून धरले होते. आमच्या घराण्यातला तोंड असलेला तो पहिला फोटो.

श्रीवर्धनहून निरोप आला की आम्ही बघायला येतो.

आजोबांनी सगळ्यांना ओटीवर गोळा केलं. "फोटो कुणी काढला विचारलं तर ह्याने," असं म्हणून बाबांकडे बोट दाखवलं. "मुलगी यंत्राशी खेळते कळलं तर स्थळ हातचं जाईल." आत्याचा चेहरा उतरला. बाबांनी फोटो काढला असं एकदा ठरलं की कॅमेरा कायमचा बाबांचा. बाबा भिंग पुसत होते.

मुलगा, त्याचे वडील आणि मावशी असे तिघे आले. पोहे झाले, स्वयंपाकाची चौकशी झाली. मग मुलाच्या वडिलांनी पिशवीतून फोटो काढला. "काय सुरेख आलाय हो! कोण फोटोवाला? लग्नाला त्यालाच बोलवू या."

आजोबांनी बाबांकडे बघितलं. आत्या जमिनीकडे बघत राहिली. "कॅमेरा तिनेच लावला," बाबा म्हणाले. "टोपण तेवढं ह्या पोरीने काढलं. मी काढला असता तर असा आला नसता. मला पाढे येत नाहीत."

अठ्ठावीस वर्षांच्या बाप्याने परक्या माणसांपुढे असं सांगितलं. मुलाच्या वडिलांनी मिशीला लागलेलं खोबरं पुसलं. "मग आमचा काढ बघू," ते आत्याला म्हणाले.

त्यानंतर आमच्या ओटीवर जे झालं ते पंचक्रोशीत कोणी ऐकलं नसेल. मुलगी बघायला आलेली माणसं रांगेत बसली आणि मुलगी काळ्या फडक्याखालून त्यांना बघू लागली. "मावशी, पदर सारखा करत राहू नका. काका, पोहे गिळा आधी. तुम्ही मान जरा वर करा. एवढी नको." नवरामुलगा मुकाट्याने मान वर करत होता, खाली करत होता. आत्या फडक्याखाली जरुरीपेक्षा बराच जास्त वेळ होती. नंतर ती माझ्या आईला म्हणाली, "वहिनी, काचेवर माणूस उलटा दिसतो. उलटाही बरा दिसला."

फडक्याखालून ती बाहेर आली तेव्हा अंबाडा सुटला होता, गाल लाल झाले होते. सगळ्यांसमोर म्हणाली, "आप्पा, मी गेल्यावर हा कॅमेरा इथे पडून गंजेल." आजोबांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. होकाराची होती, पण हलवायला त्यांना एकोणतिसाच्या पाढ्याएवढा वेळ लागला.

लग्न झालं. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून मी जायचं ठरलं होतं, त्यासाठी मला नवा परकर शिवला होता. आम्ही खाडीवर पोचलो. दांड्याहून दिघीला होडीने जायचं होतं. बघतो तर बाबा आधीच होडीत, मांडीवर कॅमेऱ्याची पेटी. "मी जातो पाठराखणीला," ते म्हणाले. आईने कपाळावर हात मारला. होडीचा तांडेल म्हणाला, "अवो, बाप्या मानूस कुटं पाठराखीन जातो?" बाबा हलले नाहीत. होडीत आणखी जागा नव्हती. मी धक्क्यावर उभी राहून भोकाड पसरलं आणि लोकांना वाटलं, केवढी ही माया आत्यावर.

चार दिवसांनी बाबा मोकळ्या हातांनी परत आले आणि ओटीवर बसले. आजोबांनी विचारलं, "नीट पोचला का?"

"पोचला."

"आणि ती?"

"तीही."

मग बाबा सांगू लागले. आत्याच्या सासऱ्यांनी विहिरीशेजारची खोली तिला काढून दिली होती. खिडकीला आतून काळं कापड ठोकून बाबाच आले होते. "आपल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, काचेवर मिठाचे ठिपके उठतात," ते म्हणाले. "तिथलं गोडं आहे. मी पिऊन बघितलं. तिचे फोटो आता आपल्यापेक्षा चांगले येणार." एवढं बोलून बाबा रडायला लागले, आणि त्यांना गप्प करायचं सोडून आजोबाही रडायला लागले.