दरी पाहण्याचा परवाना

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतून पहाटे आमची गाडी निघाली तेव्हा तिच्यात आठ माणसं होती आणि मागच्या बाजूला आठ पिवळी हेल्मेटं. सहल आंध्रातल्या गंडीकोट्याची, पेन्ना नदीने खोदलेली दरी बघायची. हेल्मेटं कशाला, असं कुणी विचारलं नाही, कारण सोबत राघवराव होते.

राघवराव आमच्या कारखान्याचे सुरक्षा अधिकारी. तंजावरकडचे मराठी, चार दिवसांनी निवृत्त होणारे. ही सहल त्यांच्याच निरोपाची. मी मूळची लातूरची, तपासणी खात्यात. त्यांचं मराठी फार जुनं, माझं परवाचं, त्यामुळे कामापुरतं आम्ही तमिळमध्येच बोलतो. मनातलं काही सांगायचं झालं की ते मराठीवर येतात.

आमच्याकडे शिडीवर चढायचं तरी त्यांच्याकडून ‘उंचीवरच्या कामाचा परवाना’ घ्यावा लागतो. तीन प्रती: पांढरी त्यांच्याकडे, पिवळी माणसाच्या खिशात, गुलाबी कामाच्या जागी. काम संपलं की गुलाबी प्रत परत आणायची, मगच परवाना बंद झाला असं धरतात. तीस वर्षांत आपला एकही परवाना उघडा राहिला नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात.

कडप्याच्या अलीकडे नाश्त्याला थांबलो. उग्गाणी (चुरमुऱ्यांचा उपमा) आणि वर मिरचीची भजी. ही तर आमच्याकडची सुशीला, म्हणून मी दोन प्लेटा हाणल्या. बाकीची मंडळी हात धुवायला गेली तसे राघवराव जवळ सरकले.

“अम्मा,” ते म्हणाले. इथे बाईमाणसाला आदराने असंच म्हणतात. “एक सांगतों, कोणाला सांगू नका. मी उंचीवर कधीं चढलों नाहीं. भय वाटतें. सह्या अस्क्या (सगळ्या) खालीं उभं राहूनच केल्या.”

“मग आज?”

“घरीं बायको, कमळा, समजते, मी दिवसभर छपराच्या पत्र्यावरच असतों. टोकावरचा फोटो आण म्हणाली. एकदां तरी उभं राहायला पाहिजे ना?”

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. तीस वर्षं हा माणूस मान वर करून दुसऱ्यांचे पाय मोजत उभा होता.

दुपारी दरी समोर आली. तांबड्या दगडांचे ठोकळे एकावर एक रचलेले, दोन्ही भिंती सरळ खाली गेलेल्या आणि तळाला नदीचं हिरवं, संथ पाणी. कड्यापासून एक अरुंद सोंड दरीत घुसली होती. तिच्यावरून पायवाट, एकामागे एक असंच जाता येईल एवढी. टोकाला सपाट खडक. तिथून म्हणे दरी दोन्ही अंगांनी दिसते.

आमचा वेल्डर मुरुगन निघालाच होता. राघवरावांनी त्याला थांबवलं, चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर बसले आणि पिशवीतून परवान्याचं पुस्तक काढलं. कामाचं स्वरूप: दरी पाहणे. धोका: दरी. उपाययोजना: फार न पाहणे. मुरुगनने निमूट सही केली, हेल्मेट घातलं, गुलाबी प्रत वाटेच्या तोंडाशी दगडाखाली ठेवली आणि गेला. परत आल्यावर ती आणून दिली.

आमची माणसं संपेपर्यंत सगळं ठीक होतं. पण पिवळी हेल्मेटं आणि तीन रंगांचे कागद बघून इतर पर्यटकांना वाटलं, नवा नियम आला. आधी एक नवविवाहित जोडपं येऊन उभं राहिलं. मग एक आजोबा, न मागताच आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन. बंगळुरूचा एक तरुण हे ऑनलाइन का नाही म्हणून तावातावाने भांडला आणि भांडत भांडत रांगेत उभा राहिला.

“सर, सांगा ना त्यांना,” मी म्हणाले.

“काय सांगू? विनापरवाना जा म्हणून? माझ्या तोंडून?”

चहावाली तर परस्परच लोकांना अडवू लागली. मला तेलुगू येत नाही, पण तिचा हात सोंडेकडे, मग रांगेकडे जात होता, तेवढं पुरे होतं. हेल्मेटं पुरेनात, म्हणून तिने पातेली दिली. आजोबा डोक्यावर पातेलं घेऊन, एका हाताने ते धरून, मोठ्या ऐटीत टोकावर जाऊन आले. मधेच शेळ्यांचा कळप सोंडेवर गेला. राघवरावांनी तोंड फिरवलं. शेळ्यांचं असं विनापरवाना जाणं त्यांना सोसलं नाही.

ऊन तांबूस झालं तरी रांग हटेना. परवान्यावर छापलेलंच आहे: सूर्यास्तानंतर वैध नाही. मी रांगेसमोर जाऊन दोन्ही हात आडवे केले.

“सर, आता तुमचा.”

“स्वतःचा परवाना स्वतः देतां येत नाहीं, अम्मा. नियम आहे.”

“मग मी देते. तपासणीवाल्यांची सही चालते, तुम्हीच शिकवलंय.”

त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. ‘धोका’ या रकान्यापुढे मी नेहमीचं लिहिलं. उपाययोजनेत मात्र लिहिलं: नीट पाहणे.

गुलाबी प्रत दगडाखाली ठेवून ते निघाले. दहा पावलं उभ्याने, पुढे बसून सरकत. मी मागे फोन धरून. रांगेतली पन्नासेक माणसं माना उंचावून. टोकाला पोचल्यावर ते माझा खांदा धरून उभे राहिले, पण डोळे मिटून.

“सर, कमळाबाईंना डोळे दिसायला हवेत.”

त्यांनी उघडले. दोन्ही अंगांना मान वळवून पाहिलं. मग म्हणाले, “हें अस्कं इथेंच होतं?”

मागे टाळ्या पडल्या. आजोबांनी पातेलं वाजवलं. फोटो थोडा हलला, पण डोळे उघडे आले.

जवळच्या जम्मलमडुगूला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी गिंडीत परतलो. कचेरीत राघवरावांनी गुलाबी प्रती मोजल्या: आमच्या, परक्यांच्या, आजोबांची आधार टाचलेली. एकेक परवाना बंद केला. शेवटी माझ्या सहीचा एक उरला.

“सर, याची गुलाबी प्रत?”

“तिथेंच आहे. दगडाखालीं.”

“विसरलात?”

“नाहीं,” ते म्हणाले आणि पुस्तक कपाटात ठेवून किल्ली माझ्या हातात दिली.

चौथ्या दिवशी हार, पेढे आणि भाषणं होऊन ते घरी गेले. त्यांचं पुस्तक आता माझ्याकडे आहे. ते मी अधूनमधून उघडते, पण तो परवाना बंद करत नाही. कागदोपत्री राघवराव अजून त्या टोकावर उभे आहेत.