सुटा पाळणा

चमकत्या रंगावर नवा रंग धरत नाही, हे मला चांद्याच्या एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानं शिकवलं. एक हात द्यायचा, तो पुरता वाळू द्यायचा, पॉलिश पेपरनं घासून त्याची चकाकी मारायची आणि मगच दुसरा हात द्यायचा. मी जंगलखात्यात फिटर होतो. ट्रकची दुरुस्ती हे माझं काम, पण जीव रमायचा तो रंगकामात. एरवी मी तिरसट माणूस. कुणी तीच गोष्ट दोनदा विचारली की माझं डोकं फिरायचं. घासायला बसलो की मात्र गाईसारखा गरीब व्हायचो, आणि बायको आपली सगळी गाऱ्हाणी नेमकी त्याच वेळी काढायची.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. माझी बदली एटापल्लीकडे झाली होती. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद, ट्रक उभे, आणि मला दुपारच्या दुपारी मोकळ्या. बायकोला सातवा महिना लागला होता. चांद्याहून आणलेल्या सामानात एक पोतं होतं, ते मी तिच्यासमोर कधी उघडलं नव्हतं. त्यात सुटा केलेला पाळणा होता.

तो आमच्या पहिल्या मुलाचा. मूल जन्मण्याआधी पाळणा घरात आणू नये, असं आमच्याकडे मानतात. आईनं मला तेव्हा दोनदा बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं आणि पिवळाधमक लोखंडी पाळणा सायकलला बांधून घरी आणला. मुलगा झाला. चार दिवस जगला. आई मला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. पाचव्या दिवशी मी पाळण्याचे नट खोलले आणि सगळं पोत्यात भरलं.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी त्या पावसाळ्यात पाळणा जोडायला मी धजावलो नाही. सळया वेगळ्या, कड्या वेगळ्या, चौकट वेगळी. जोवर जोडलेलं नाही तोवर तो पाळणाच नाही, अशी मी मनाची समजूत घातली. गंज कामावरच्या शेडमध्ये खरवडला. जुना पिवळा जिथे घट्ट होता तिथे तसाच राहू दिला, वरून तांबडं अस्तर दिलं, त्यावर हिरव्याचा पहिला हात दिला आणि मगच सामान घरी आणलं. बायकोला सांगितलं, ट्रकचं आहे.

पडवीत दोरी बांधून मी त्या सळया टांगल्या. दमट हवेत एक हात वाळायला तीन-तीन दिवस लागायचे. पाऊस एका लयीत पडत राहायचा, समोरचं जंगल कधी दिसायचं कधी नाही, आणि तेलरंगाच्या वासानं डोळे जड व्हायचे. मी घासत बसायचो. चकाकी जाऊन रंगावर राखेसारखी पांढुरकी भुकटी यायची, ओल्या फडक्यानं पुसली की खालून मऊ, मुका हिरवा निघायचा. आपण जागे आहोत की झोपेत, हेही कधी कधी कळायचं नाही. एवढा सुखी मी आयुष्यात फार कमी वेळा होतो, आणि तेवढाच घाबरलेलाही.

दोन हात पुरले असते. मी तिसरा दिला, चौथा दिला. काम संपलं की पाळणा तयार झाला असं होईल, म्हणून मी पुन्हा पुन्हा चकाकी मारत होतो. ट्रकच्या सामानाचे एवढे लाड कुणी करत नाही, हे बायकोला कळत नसेल असं मला तेव्हा खरंच वाटत होतं. एका दुपारी ती भिंतीला टेकून माझ्याजवळ बसली, एक कडी मांडीवर घेतली आणि उरलेल्या पेपरचा तुकडा घेऊन घासू लागली.

ती बाहेर बघत एकाच जागी घासत राहिली. कडीच्या वळणावरचा हिरवा गेला, मग तांबडं अस्तर गेलं, आणि बोटाच्या पेराएवढा पिवळा उघडा पडला. मी कडी घ्यायला हात पुढे केला, ती तिनं दिली नाही. बराच वेळ ती त्या पिवळ्यावरून अंगठा फिरवत होती.

मग म्हणाली, "मले पयल्या दिवशीच समजलं व्हतं. पुरा काढू नोका. राहू द्या त्याले खाली."

मी रडलो. ती रडली नाही. तिनं मला पदरानं तोंड पुसायला लावलं आणि म्हणाली की आता हा पेपर बंद, हा फार खोल जातो.

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारणीकडून पारिजातकाची पानं मागवली. तिच्या माहेरच्या गावात लाकडाच्या मुठी या खरखरीत पानांनी घासून गुळगुळीत करत. पान वरची चकाकी तेवढी मारतं, खालच्याला धक्का लावत नाही. त्या पिवळ्यावर पुन्हा अस्तर आणि हिरवा चढवून शेवटचे हात आम्ही दोघांनी पानांनीच घासले. त्यावर वार्निश चढलं, तेव्हा पाऊस ओसरला होता.

अश्विनात मुलगी झाली. चार दिवस गेले, पाचवा गेला, आणि मी त्या दिवसांत कुणाशीच धड बोललो नाही. बाराव्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा नट आवळून पाळणा जोडला. बाया जमल्या. मुलीला पाळण्यात घालायच्या आधी बायको खाली वाकली, त्याच कडीशी तोंड नेऊन हळूच एक नाव म्हणाली आणि मगच मुलीच्या कानात तिचं नाव सांगितलं. बायांना वाटलं, ती देवाचं नाव घेते आहे.

चार दिवसांच्या पोराचं बारसं होत नाही. त्याचं नाव तिनं मनात ठेवलं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी पाळण्याला लागूनच उभा होतो, म्हणून मला तेवढं ऐकू आलं. तिला मी त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि ते नाव आजवर कुणाला सांगितलेलं नाही.